क्रेनसाठी सोडलेले गाठिये

आयुष्यात मी माज केला तो एकाच गोष्टीचा, माझ्या क्रेनचा. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी ओव्हरहेड क्रेन चालवत असे. शेडच्या छपराखाली दोन्ही अंगांना रूळ, त्यावर फिरणारा आडवा पूल, आणि पुलाच्या एका टोकाला लोंबणारी माझी लोखंडी केबिन. तिथे जायला एक उभी शिडी होती. खाली साहेब असोत की युनियनचे पुढारी, माझ्याशी बोलायचं तर मान वर करूनच बोलावं लागे. हत्तीएवढं ओतीव लोखंडाचं धूड उचलून मी लेथवाल्याच्या पुढ्यात असं अलगद ठेवायचो की खालच्या लाकडी ठोकळ्यालाही कळू नये. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात. पण दुसरे करत नाहीत, तेव्हा माणसाने काय करायचं?

वडील जळगावकडून रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. मी इथेच वाढलो, इथेच नोकरीला लागलो आणि तरसालीत घर केलं. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती, असं आमचं चाले. आईच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन मोठा झालो, पण जिभेने केव्हाच पक्ष बदलला होता. रविवारी सकाळी फाफडा-जिलेबी, संध्याकाळी सेव-उसळ, आणि कारखान्यातल्या रिसेसमध्ये जे काही चाले त्याला तर सीमाच नव्हती.

शेडच्या मागे एक कडुलिंबाचं झाड होतं. रिसेसची शिट्टी झाली की आम्ही पाचसहा जण तिथे वर्तमानपत्र पसरून बसायचो. डबे उघडायचे, पण ते नावाला. खरं जेवण मधोमध पसरलेल्या कागदावर असे. बेसनाचे जाडे गाठिये, चवाणू म्हणजे तिथला चिवडा, तळलेल्या मिरच्या, बटाट्याच्या वेफरची पुडी, कधी गरम भजी. हे सगळं आणणारा आमचा फिटर. बडोद्याजवळच्या पादरा गावचा गडी, घरची शेती, देह दरवाजाएवढा आणि आवाज त्याहून मोठा. दुसऱ्याला खाऊ घातल्याशिवाय त्याला स्वतःचा घास गोड लागत नसे. मला तो ‘भाऊ’ म्हणायचा, जसं बडोद्यातले बहुतेक गुजराती मराठी माणसाला म्हणतात.

तर एका वर्षी कारखान्यात कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली. आमचे डॉक्टर नागरवाड्यातल्या जुन्या मराठी घराण्यातले. आजोबा-पणजोबा संस्थानात अधिकारी होते म्हणे, आणि डॉक्टर अजूनही दरबारात असल्यासारखे सावकाश, शुद्ध बोलायचे. त्यांनी माझा दंड आवळून रक्तदाब बघितला, काट्यावर उभं केलं, लघवी-रक्ताचे कागद चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

“शिडी चढल्यावर धाप लागते का?”

“थोडीशी. उभी शिडी आहे, डॉक्टरसाहेब. कुणालाही लागेल.”

“डोळ्यांपुढे अंधारी?”

मी शर्टाची बाही खाली ओढू लागलो. येत होती. वर पोचल्यावर मी दांडा धरून डोळे मिटून उभा राहायचो आणि मग कुणी बघत नाही ना, याची खात्री करून खुर्चीत बसायचो.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले, “तुमच्या हुकाखाली माणसं काम करतात. तुम्हाला वर भोवळ आली तर खालचा माणूस जायचा. मी तुम्हाला थंडी सरेपर्यंत मुदत देतो. वजन, साखर, रक्तदाब, तिन्ही उतरले पाहिजेत. नाही उतरले तर मी सही करणार नाही. मग तुम्ही स्टोअरमध्ये बसा.”

स्टोअरमध्ये! पत्र्याच्या खोलीत बसून नट-बोल्ट मोजायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे मान वर करून बघायचं! त्यापेक्षा नोकरी सोडली असती. मी तावातावाने म्हणालो, “मी घरचं साधं जेवतो, साहेब. भाजी-भाकरी.”

“आणि मधे काय खाता?”

मी सांगितलं. खोटं बोलायची सोय नव्हती, कारण शर्टाच्या खिशावर तेलाचा डाग होता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तळलेलं बंद. पुडीतलं बंद. भूक लागली की काकडी, गाजर, मोड आलेली कडधान्यं, भिजवलेले शेंगदाणे, पेरू. चावून खा. दात आहेत ना अजून?”

घरी येऊन बायकोला सांगितलं. वाटलं होतं, हळहळेल. ती म्हणाली, “बरं झालं. माझं बारा वर्षं ऐकलं नाहीत, आता डॉक्टरांचं ऐका.” आणि दुसऱ्या दिवशी डब्यात जे भरलं ते बघून मला भरून आलं, पण प्रेमाने नव्हे. एका खणात मोडाची मटकी, वर लिंबू. एकात काकडी आणि मुळ्याच्या चकत्या. एकात मेथीचा घोळाणा, म्हणजे कच्ची मेथी बारीक चिरून त्यात कांदा, तिखट-मीठ आणि दाण्याचं कूट. आमच्या खानदेशात हा प्रकार भाकरीबरोबर आवडीने खातात. माझ्या आईनेही केला असेल, पण मला तो गोठ्यातला चारा वाटला.

खरी अडचण डबा नव्हती. खरी अडचण आग्रह होती.

ज्यांनी गुजरातेत दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. इथे खायला नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणं. मी पहिल्या दिवशी कागदापासून हात मागे घेतला, तसा फिटर म्हणाला, “भाऊ, एक तो लेवुं पडे!” एक तरी घ्यावाच लागेल. मी डॉक्टरांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “डॉक्टर पोते खाय छे!” डॉक्टर स्वतः खातात, मग तुम्हाला काय झालं? मी तरी हात पुढे केला नाही. तेव्हा त्याने शेवटचं हत्यार काढलं, “तमने मारा सम!”

माझी शपथ आहे तुम्हाला! आता शपथ मोडली तर त्या बिचाऱ्याच्या जिवावर बेतणार, असा त्याचा अर्थ. मी देवाधर्माचा माणूस नाही, पण मित्राच्या जिवाशी खेळायचं धाडस माझ्यात नव्हतं. एक गाठिया घेतला. एकावर कुणी थांबलंय का?

दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगितलं. फिटरने तिसऱ्या दिवशी खास ओवा घातलेले गाठिये आणले, पोटाला बरे म्हणून. मग मी शेडमध्येच एकटा बसून डबा खाल्ला, तर भाऊ कशावरून तरी रागावलेत अशी बोंब झाली आणि समजूत काढायला चारजण भजी घेऊन आले. माझी चिडचिड वाढली. घरी बायकोवर, केबिनमध्ये लिव्हरवर, असा राग निघायचा. एकदा तर मी फिटरवर खेकसलो की तुम्ही लोक माणसाला खाऊ घालून मारता. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “भूख्या छो एटले.” भुकेले आहात म्हणून चिडताय. आणि पुडी पुढे सरकवली.

वाट सापडली ती शेजारच्या गुजराती घरातल्या मुंजीत, तिला तिथे जनोई म्हणतात. मोठी पंगत बसली होती. वाढणारे यजमान बासुंदीचं पातेलं घेऊन शपथा घालत फिरत होते, कुणालाच सोडत नव्हते. माझ्या समोर बसलेल्या एका बाईंनी वाटीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “बाधा छे.” झालं! यजमानांनी चटकन हात जोडले आणि पुढे गेले. एक अक्षर नाही. मी घास हातात धरून बघतच राहिलो.

बाधा म्हणजे आपला नवस म्हणा ना. मनातली गोष्ट पुरी होईपर्यंत आवडीचा एखादा पदार्थ देवापुढे सोडून द्यायचा. आपल्याकडे नवस फेडताना काहीतरी करायचं असतं. इथे आधीच सोडायचं. आणि बाधा घेतलेल्या माणसाला तो पदार्थ देणं म्हणजे पाप. डॉक्टरांच्या हुकमाला जे जमलं नाही ते या दोन शब्दांनी चुटकीसरशी झालं होतं.

घरी येताना मी आनंदाने बायकोला म्हणालो, “उद्यापासून मलाही बाधा आहे.” ती रस्त्यातच थांबली.

“अहो, देवाच्या नावाने खोटं बोलणार?”

“देवाला काय कळतंय?”

“त्याला नाही कळलं तरी मला कळतंय ना. घ्यायची तर खरी घ्या. नाहीतर मी स्वतः तुमच्या त्या फिटरला सांगते.”

ती सांगेल याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तेव्हा घरी आल्याबरोबर हातपाय धुवायला लावून तिने मला देव्हाऱ्यापुढे उभं केलं. हातात सुपारी दिली. मला तर काय बोलायचं तेही सुचेना. शेवटी म्हणालो, “माझी क्रेन माझ्या हातून जाऊ नये. तोवर तळलेलं आणि पुडीतलं तोंडात घालणार नाही.” इतक्या दिवसांत मी कुणाजवळ बोललो नव्हतो, की मला स्टोअरमध्ये जायची भीती वाटते. सुपारीजवळ बोललो.

दुसऱ्या दिवशी कागद पसरला. “भाऊ, एक तो...” फिटरने सुरुवात केली आणि मी हात जोडून म्हणालो, “बाधा छे.”

फिटरचा हात मधल्यामध्ये थांबला. मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, कशासाठी? मी क्रेनचं सगळं सांगितलं, शिडी, अंधारी, डॉक्टरांची सही. “क्यां सुधी?” कुठवर, असं त्याने विचारलं. आणि इथे मी ती चूक केली जी मराठी माणूसच करू जाणे. ज्या गोष्टीची रीत माहीत नाही तिची ऐट मिरवायची. बाधेचा शेवट कसा करतात याचा विचारही न करता मी ठोकून दिलं, “डॉक्टर पास करे त्यां सुधी.”

त्या दिवसापासून आग्रह थांबला. नुसता थांबला नाही, उलटला. माझी बाधा सगळ्या शेडची झाली. कागद पसरताना माझ्या बाजूला काही सांडू नये म्हणून लेथवाला मधे आपला डबा ठेवायचा. एकदा सुटल्यावर मी एकटाच गेटबाहेरच्या गाडीपाशी रेंगाळलो. दाळवडे तळणं चाललं होतं. वासाने माझं डोकं फिरलं, हात खिशात गेला, तेवढ्यात मागून सायकलवरून जाणारा कुणीतरी ओरडला, “भाऊ, बाधा!” तो कोण, मला आजही माहीत नाही. मी चोरासारखा बस पकडून घरी गेलो.

पहिले काही दिवस फार वाईट गेले, हे कबूल करायलाच हवं. मटकी चावून जबडा दुखायचा. दुपारी केबिनमध्ये बसल्यावर तळणीचा वास नसतानाही यायचा. गाजर बघितलं की त्या गाजराचाच राग यायचा. पण हळूहळू तोंडाला एक वेगळीच हुशारी आली. मिठाची सवय उतरली, तेव्हा काकडीला चव असते हे कळलं. मुळा नाकात जातो तो आवडायला लागला. घोळाण्यातली मेथी आधी कडू आणि मग गोडसर लागते, हे मला चाळिशी उलटल्यावर समजलं. बायकोलाही उत्साह आला. ती पहाटे उठून निवडून-चिरून एकेक खण सजवायची आणि मी काय उरवून आणतो ते संध्याकाळी बघायची.

उरत काहीच नसे. कारण फिटर माझ्या डब्यावर तुटून पडू लागला होता. स्वतःची पुडी सोडायची, इतरांना वाटायची, आणि हा गडी माझ्या मटकीत हात घालायचा. मला राग यायचा. अरे, तुला गाठिये खायची मुभा आहे तर खा ना, माझं गवत कशाला खातोस? पण तो रिकाम्या हातानेही येत नसे. थंडी सुरू झाली तसा तो शेतातून ओल्या हळदीची बोटं आणू लागला. सोलून, चकत्या करून, लिंबू-मीठ लावलेली. कोवळ्या तुरीच्या शेंगा आणायचा, आणि मोगरी म्हणून मुळ्याच्या जांभळ्या शेंगा असतात त्या. आम्ही बोटं पिवळी करून घेत कुरुमकुरुम खात बसायचो. बाकीच्यांचेही हात तिकडे वळू लागले. कागदावरच्या पुड्या कमी झाल्या, हे मला दिसत नव्हतं, कारण त्या कागदाकडे मी मुद्दाम बघतच नसे. बघितलं तर मन चळेल, ही भीती होती.

एका सकाळी मी शिडी चढून वर गेलो, केबिनचं दार लावलं, खुर्चीत बसलो आणि लिव्हर हातात घेतला. मग एकदम लक्षात आलं, आज आपण दांडा धरून थांबलोच नाही. मी परत खाली उतरलो. परत चढलो. छाती शांत होती. खाली लेथवाला ओरडला, काय विसरलं भाऊ? मी वरून सांगितलं, काही नाही, मजेत आहे! आणि जी घंटा क्रेन हलवताना खालच्यांना सावध करायला वाजवतात ती उगाच लांबलचक वाजवली. सुपरवायझरने शिव्या दिल्या. त्या मला गोड लागल्या.

थंडी सरता सरता तपासणी झाली. डॉक्टरांनी दंड आवळला, काट्यावर चढवलं, कागद चाळले. मग पुन्हा पहिल्यापासून चाळले, कारण त्यांना विश्वास बसेना. शेवटी त्यांनी टोपण काढून सही केली. “शाब्बास,” ते म्हणाले. “पण पुढल्या वर्षी मी आहेच. पुन्हा त्या पुड्या सुरू झाल्या तर हीच लेखणी उलटी फिरेल.” मी ऐकलं की नाही कोण जाणे. मी तरंगत बाहेर आलो. शेडमध्ये पोचायच्या आधी बातमी पोचली होती. लोकांनी हातोड्या वाजवल्या. मी शिडीवर असा चढलो की लग्नाला निघालेल्या नवरदेवानेही घोड्यावर चढताना एवढा रुबाब केला नसेल.

दुसऱ्या दिवशी रिसेसला लिंबाखाली गेलो, तर तिथे सगळ्या शेडला बोलावून सोहळा मांडला होता. नेहमीच्या कागदाऐवजी चादर अंथरलेली. मधे एवढा मोठा गाठियाचा ढीग, अजून गरम, वर मिरी दिसत होती. बाजूला जिलेबी, तळलेल्या मिरच्या, संभारो म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस. फिटरने माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. “बाधा पूरी थई, भाऊ! हवे तो खवाय!” तो गरजला. मनातलं झालं, बाधा सुटली, आता सगळ्यांच्या हातून खाऊन ती फेडायची, ही तिथली रीत. त्याने एक गाठिया माझ्या तोंडाशी आणला. दुसरा त्याच्या डाव्या हातात होता. “मारा सम!”

वास काय सांगू! महिन्यांची भूक एकदम जागी झाली. तोंडाला पाणी सुटलं. एक खाल्ला असता तर जग बुडालं नसतं. पण माझी मला पुरती ओळख होती. आज सोहळा, उद्या उरलेले, परवा नवी पुडी, आणि पुढच्या तपासणीला स्टोअर. आगीतून निघून मी फुफाट्यात उभा होतो, तेही गळ्यात माळ घालून.

मी फिटरचं मनगट धरलं. गुजरातीतच म्हणालो, कारण हे त्याला त्याच्या भाषेत कळायला हवं होतं. “मी तुला चुकीचं सांगितलं. देवापुढे मी एवढंच म्हटलं होतं, की क्रेन माझ्या हातून जाऊ नये. डॉक्टर दर वर्षी बघणार. ज्या दिवशी बाधा सुटेल त्या दिवशी क्रेन सुटेल. आता खायला घालायचं तर घाल.”

मग लेथवाला एकदम हसत सुटला. हसता हसता त्याला ठसका लागला. “आ तो मरी गयो!” तो फिटरकडे बोट दाखवून म्हणाला, हा मेला आता! आणि मग त्याने मला सांगितलं. मी “बाधा छे” म्हणालो त्याच संध्याकाळी फिटरने घरी जाऊन माताजीपुढे दिवा लावला होता आणि भाऊची क्रेन राहावी म्हणून स्वतःही बाधा घेतली होती. तळलेलं नाही, पुडीतलं नाही. ज्याच्यासाठी घेतो त्याला सांगायचं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. गाठिये तो आणायचा ते दुसऱ्यांना वाटायला. स्वतः एकही खात नव्हता. म्हणून माझ्या डब्यात हात घालत होता.

मी फिटरकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, डाव्या हातात गाठिया धरून, चोरी पकडल्यासारखा उभा. तेव्हा कळलं की हा सोहळा त्याने माझ्याइतकाच स्वतःसाठीही मांडला होता. किती दिवस वाट बघितली असेल त्याने या घासाची. आणि मी त्याच्या तोंडचा घास काढून घेतला होता. शेडमधल्या पन्नास माणसांदेखत मी बाहीने डोळे पुसले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

“तुझी सुटली,” मी म्हणालो. “सही झाली. तू खा.”

तो गाठियाकडे बघत राहिला. “क्यां सुधी चलाववानी छे क्रेन?” किती दिवस चालवणार आहात?

“रिटायर होईपर्यंत.”

त्याने मला एक ठेवणीतली शिवी दिली, जी इथे लिहिता यायची नाही. मग तो गाठिया त्याने ढिगावर परत ठेवला, हात चादरीला पुसला, मांडी घालून बसला आणि माझा डबा ओढून घेतला.

“कालथी मोटो डब्बो लावजो,” उद्यापासून डबा मोठा आणा, एवढंच तो म्हणाला.

मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी डॉक्टरांची सही मिळाली आणि दर वर्षी मी क्रेनवर चढलो. तेवढी सगळी वर्षं त्या माणसाने माझ्या क्रेनसाठी गाठिया तोंडात घातला नाही.